प्रभूची झील

पुणे,
१८ जुलै १९९९

नामाजीकाकांना सरोजिनीचा नमस्कार.

ओळख लागते का बघा. औंढ्याला पाटबंधारे खात्यात व्यंकटराव म्हणून कारकून होते. कातडी पेटीतला, बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर सायकलला बांधून ते तुमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर यायचे. त्यांची मी मुलगी. एकदा मीही आले होते. तुमचं एक कोकरू मी पोटाशी घट्ट धरून बसले होते आणि 'सोड बाई, मरंल ते' म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडला होतात. नऊ-दहा वर्षांची असेन. त्यानंतर मला कुणी तसं रागावल्याचं आठवत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

बाबा गेल्या दिवाळीत गेले. त्यांचं कपाट आवरताना वरच्या फळीवर सहा मोठ्या फिती सापडल्या. डब्यांवर त्यांच्या अक्षरात एवढंच: 'नामाजी आणि मंडळी, शिरड, १९७६.' आईचा या सगळ्या नादावर राग, त्यामुळे घरात त्या कधी वाजल्याच नाहीत. बाबा बदलीच्या गावोगाव त्या घेऊन फिरले. कुणाला ऐकवल्या नाहीत की कुणाला दिल्या नाहीत. का, ते आता विचारणार कुणाला.

इथे एका गृहस्थांकडे जुनं यंत्र आहे. त्यांनी एक फीत थोडीशी लावून दाखवली. काका, मला गाण्यातलं फारसं कळत नाही, मी बँकेत नोकरी करते. पण तुम्ही पहिली ओळ उचललीत आणि माझे डोळे भरून आले, ते का ते मला अजून सांगता येत नाही.

एक छोटी कंपनी हे सगळं कॅसेटच्या रूपात काढायला तयार आहे. आजवर कुठेही न आलेलं ध्वनिमुद्रण म्हणून त्यांना त्याचं मोल वाटतं. तुमची परवानगी हवी. सोबत कागद जोडला आहे. तुम्ही आता गात नाही असं ऐकलं. खरं आहे का?

तुमची,
सरोजिनी


शिरड शहापूर,
९ ऑगस्ट १९९९

सरोजिनीताई, शिरडहून शिवकन्येचा नमस्कार घ्या.

पत्त्यात आता जिल्हा हिंगोली लिहीत जा. मे महिन्यापासून आमचा जिल्हा वेगळा झाला. तुम्ही परभणी लिहिलंत म्हणून पत्र तिकडं मुक्काम करून आलं.

आबांना वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं. मी इथल्या अंगणवाडीत आहे. लग्न गावातच झालं, मालक मेंढ्यांमागं असतात, म्हणून मी आबांजवळच राहते. कोकराची गोष्ट त्यांना चांगली आठवते. म्हणाले, "लिही तिला, ते कोकरू पुढं मेलंच."

ते गात नाहीत हे खरं आहे. बावीस वर्षं झाली. लोकांना 'गळा गेला' म्हणून सांगतात. गळा कुठं गेला नाही. मेंढ्यांना हाक मारतात ती दोन शेतं ओलांडून जाते. पण गात नाहीत, आणि बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजायला लागला की उठून घरी येतात.

तुमचं पत्र आलं तेव्हापासून मात्र त्यांचं चित्त ठिकाणावर नाही. तीनदा वाचायला लावलं. बजरंगमामा म्हणून त्यांचे जुने सोबती आहेत, तेही ऐकायला येऊन बसले. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, पण मधूनमधून 'व्हय, व्हय' म्हणत होते. शेवटी आबा म्हणाले ते तसंच लिहिते:

"तिला लिही, जसं भरलं तसंच लावा म्हनाव. काई घालू नका, काई काढू नका. आन इच्यार, समदे आवाज हाईत का त्यात? समदे?"

तेवढं कळवा. कागदावर त्यांचा अंगठा घेतला आहे.

नामाजींची,
शिवकन्या


पुणे,
३० नोव्हेंबर १९९९

प्रिय शिवकन्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे मी अक्षरशः भांडत होते. कंपनीच्या लोकांना आबांच्या ओव्यांमागे ढोलकी आणि पेटी हवी होती. 'नुसतं कसं चालेल मॅडम, लोक ऐकणार नाहीत.' मी ठाम राहिले. गाणाऱ्याची अट आहे, एकही वाद्य घालायचं नाही. शेवटी ऐकलं त्यांनी! आबांना सांग, त्यांचा शब्द मी खाली पडू दिला नाही. बाबा असते तर पाठ थोपटली असती.

फिती फार जुन्या, थर सुटायला लागलेल्या. एकदाच वाजतील असं तंत्रज्ञ म्हणाला, म्हणून एका बैठकीत संगणकात उतरवून घेतल्या. पोरगा मोठा हुशार आहे. मूळ मुद्रणात काय काय गोंधळ होता म्हणून सांगू! वारा, कुत्रं, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. आणि आबांच्या मागे उभे राहिलेले लोक. आबांची ओळ संपली रे संपली की त्यातले कुणीतरी तेच शब्द पुन्हा मोठ्याने म्हणायचे, दर ओळीला. उत्साही श्रोते, दुसरं काय. त्याने काय केलं, आबा जिथे थांबतात तिथे आवाज पूर्ण बंद केला आणि त्यांनी ओळ उचलली की पुन्हा चालू. आता इतकं स्वच्छ झालंय! सगळा कचरा गेला आणि उरले फक्त नामाजीकाका.

समदे आवाज आहेत का, असं त्यांनी विचारलं होतं ना? सांग, सगळ्या ओव्या आहेत, एकही गाळलेली नाही.

कॅसेटचं नाव मी सुचवलं आणि ते सगळ्यांना आवडलं: 'एकट्याचा माळ'. फेब्रुवारीत प्रकाशन.

तुझी,
सरोजिनीताई


शिरड शहापूर,
१२ डिसेंबर १९९९

ताई,

तुमचं पत्र आबांना अर्धंच वाचून दाखवलं. ढोलकीच्या भांडणापर्यंत. ते खूश झाले. पुढचं मी मनात वाचलं आणि 'बाकी खुशाली आहे' म्हणाले.

ते श्रोते नव्हते. ती झील होती.

आमच्याकडं एकटा माणूस ओवी गात नसतो. गाणारा पुढं उभा राहतो, त्याच्या पाठीशी झिलकरी. गाणाऱ्यानं ओळ सोडली की झिलकऱ्यानं तिचं टोक धरायचं, आणि ते ओढून परत गाणाऱ्याच्या हातात द्यायचं. तेवढ्यात तो श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो. आबा म्हणतात, झील नसली की ओवी विहिरीत पडलेल्या दोरासारखी, वर ओढायला कुणी नाही.

आबांच्या मागं दोघं असायचे. एक बजरंगमामा. दुसरा प्रभू, आबांचा धाकटा भाऊ.

प्रभू माझे वडील. मी आबांना आबा म्हणते ते त्यांनी वाढवलं म्हणून. आता लपवण्यात अर्थ नाही. वडील पैनगंगेपलीकडं मेंढ्या घेऊन गेले होते, तिकडंच तापानं गेले, माती पण तिकडंच दिली. मी त्यानंतर दोन महिन्यांनी झाले. आईनं पुढं कनेरगाव नाक्याकडं दुसरं घर केलं, तीही आता नाही. वडिलांचा फोटो नाही. कपडा नाही. त्यांचं म्हणून जगात जे काही असेल ते तुमच्या फितीवर आहे, आणि ते आहे हे मला तुमच्या पत्रानं कळलं. तोवर आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं की असं काही भरून ठेवलेलं आहे.

मी पहिल्याच पत्रात का लिहिलं नाही म्हणाल. झिलकऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. गाणारा शेवटच्या ओवीत आपलं नाव घालतो, झिलकऱ्याचं नाव कुणी विचारतही नाही. नाव घेतलं तर झील फुटते म्हणतात. तुमच्या वडिलांनी 'आणि मंडळी' लिहिलं ते रीतीला धरूनच लिहिलं. आबांनी पण 'समदे' एवढंच विचारलं. त्यांच्या हिशेबानं त्यात सगळं आलं. शिवाय मला लाज वाटली. ओळख ना पाळख, आणि माझ्या बापाचा आवाज आहे का हो तुमच्याकडं, असं कसं विचारायचं.

आता विचारते. साफ करायच्या आधीचं तुमच्याकडं असेलच. कॅसेट तुम्हाला हवी तशी काढा. मला मात्र ते वारा-कुत्र्यासकटचं एका साध्या कॅसेटवर भरून पाठवा. आबांच्या छातीत पावसाळ्यापासून दुखतं, दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर 'कॅसेट येऊ दे, मंग जाऊ' म्हणतात.

शिवकन्या


पुणे,
२ जानेवारी २०००

प्रिय शिवकन्या,

नव्या वर्षाच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. पत्र मिळालं. मला हे काहीच ठाऊक नव्हतं गं. मी कंपनीत बोलते. काळजी करू नकोस, काहीतरी मार्ग निघेल. प्रकाशनाची तारीख आता मागे घेता येत नाही, निमंत्रणं छापून झाली आहेत. आबांना प्रवास झेपणार असेल तर गाडीची व्यवस्था करते, तसं कळव.

आबांना आधी दवाखान्यात ने. कॅसेटसाठी थांबू नका. इकडे थंडी खूप आहे.

सरोजिनीताई


शिरड शहापूर,
१० एप्रिल २०००

ताई,

तुमचं पार्सल पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. दहा कॅसेटी, एक शाल, आणि नारळ, तो फुटलेला. प्रकाशनाचं पेपरमधलं कात्रण पण मिळालं. त्यात तुम्ही भाषण करताना आहात. मी मागितलेली साधी कॅसेट त्यात नव्हती. मी पार्सलचा कागदसुद्धा उलटा करून बघितला.

पाडव्याला दुपारी बिरोबाच्या ओट्यावर टेप नेला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. बजरंगमामांना टेपच्या अगदी कानाशी बसवलं. बाया-बापड्या, पोरं, पन्नास तरी माणूस होतं. मी बटन दाबलं.

आबांचा आवाज असा होता हे मला माहीत नव्हतं. सगळा ओटा गप्प झाला. 'माळावरच्या वाटंला कोन गं उभा ऱ्हायला' अशी ओळ आली, आणि संपली. आणि पुढं काहीच नाही. नुसतं काहीच नाही, वारापण नाही. आबा टेपकडं बघायला लागले. बंद पडला वाटून त्यांनी वरून एक थाप मारली. तेवढ्यात दुसरी ओळ आली. ती संपली. पुन्हा तसंच. तिसऱ्या ओळीनंतर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"परभू कुठं गेला?"

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारं भावाच्या आठवणीनं भांबावलं. तरणी पोरं म्हणाली, लई क्लिअर आवाज हाये आबा, शहरात बसून भरल्यावानी. बजरंगमामा 'व्हय, व्हय' म्हणत मान हलवत होते. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांत सुखी तेच होते.

आबांनी दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. उठले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडीला निघाले तर म्हणाले, जाऊ नको, टेप लाव. घरात आम्ही दोघंच. पहिली ओळ आली, संपली, आणि ताई, त्या रिकाम्या जागेत आबा गायला लागले. 'ऱ्हायला जी, उभा ऱ्हायला.' बावीस वर्षांनी. आयुष्यात कधी त्यांनी झील धरली नव्हती, ते पुढचे. मध्येच थांबले, म्हणाले,

"असं म्हनायचा तुझा बाप. न्हाई, असं न्हाई. जरा वर." पुन्हा म्हटलं. "न्हाई गं. त्याचा गळा बारीक व्हता, आन शेवटाला असं वळन द्यायचा..." आणि ते वळण घ्यायला गेले तर खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं. पुन्हा लाव म्हणाले. टेपमधून चाळिशीतले आबा म्हणायचे आणि मागून सत्तरीतले आबा त्यांना धरायला जायचे. दर वेळी ते उशिरा पोचायचे. तोवर टेपमधली पुढची ओळ सुरू व्हायची.

दुपारपर्यंत हे चाललं. मग म्हणाले, "मला जमंना बाई. दुसऱ्याचा गळा कुठून आनू." आणि थोड्या वेळानं: "काहून काढलं गं त्याला? काय नडत व्हता त्यो?"

 याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर लिहा. शुभेच्छा आणि थंडी नको. डिसेंबरात मी विचारलं होतं तेच पुन्हा विचारते. मूळ फिती कुठं आहेत?

शिवकन्या


पुणे,
२८ मे २०००

शिवकन्या,

फिती नाहीत. उतरवून घेताना त्यांचा थर सुटत गेला, शेवटी तुकडे झाले, आणि कंपनीतल्या कुणीतरी ते टाकून दिले. संगणकावर फक्त साफ केलेलंच ठेवलं, आधीचं पुसून टाकलं. तुझं डिसेंबरचं पत्र आलं त्याच दिवशी मी धावत गेले होते. तेव्हाच हे कळलं होतं. जानेवारीत तुला लिहिलं ते 'काहीतरी मार्ग निघेल' माहीत असूनच लिहिलं. लिहायचं धाडस झालं नाही. प्रकाशनात माझ्या भाषणानंतर कॅसेट लावली, पहिल्या ओळीनंतरची ती शांतता सभागृहात ऐकू आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवसापासून ती कॅसेट लावलेली नाही.

क्षमा मागून काय होणार, म्हणून मागत नाही. एक गोष्ट सापडली आहे, ती सांगते.

सहा मोठ्या फितींबरोबर एक छोटी फीत होती. ती मी कंपनीला दिली नव्हती. तिच्यावर मी आहे, लहानपणची, बारापर्यंतचे पाढे म्हणताना, आणि शेवटी बाबांचं 'शाबास, सरू'. बाबांचा तेवढाच आवाज माझ्याकडे आहे. म्हणून ती मी कुणाच्या हाती दिली नाही, कपाटात साडीत गुंडाळून ठेवली. तुझं एप्रिलचं पत्र वाचून मी तिला घेऊन त्या जुन्या यंत्रवाल्या गृहस्थांकडे जाऊन बसले. माझ्या बापाचा आवाज मी साडीत गुंडाळला आणि तुझ्या बापाचा एका अनोळखी पोराच्या स्वाधीन केला. याहून वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही.

पाढे संपल्यावर मी नेहमी बंद करायचे. या वेळी पुढे जाऊ दिली. बाबा मुद्रणाला बसण्याआधी यंत्र नीट चालतं का ते याच फितीवर तपासायचे, आणि नंतर तिच्यावरच माझे पाढे भरले. पाढ्यांच्या पुढे तपासणीचं थोडं शिल्लक राहिलेलं आहे. बाबांचा आवाज: 'एक, दोन, तीन. हं नामाजी, म्हणा.' मग मागून एक माणूस बोलतो: 'म्हन दादा, आमी हाओत मागं.' एक घंटा वाजते आणि फीत संपते.

काही पुसलेलं नाही, साफ केलेलं नाही. होतं तसं कॅसेटवर भरून सोबत पाठवते आहे. तो माणूस कोण, ते आबा एका क्षणात ओळखतील. मला वाटतं, 'दादा' म्हणतोय म्हणजे तुझे वडीलच.

कंपनी दुसरी आवृत्ती काढते आहे. तिच्या वेष्टनावर 'झील: प्रभू' असं छापायला मी भाग पाडीन. तू फक्त हो म्हण.

सरोजिनी


शिरड शहापूर,
१६ जुलै २०००

सरोजिनीताई,

तुमची छोटी कॅसेट आली तेव्हा आबांना जाऊन अकरावा दिवस होता.

दवाखान्यात नेलं होतं, हिंगोलीला. परत आणा म्हणाले, आणलं. शेवटी शेवटी कुणाशी बोलत नव्हते. ओठ हलायचे. मी कान लावून बघितलं तर ती झीलच होती, अजून ते वळण शोधत होते. सापडलं का ते कळलं नाही.

उचलायच्या वेळी बजरंगमामा आले. त्यांना दोघांनी धरून आणलं होतं. आबांच्या पायांवर हात ठेवून ते केवढ्यानं रडले. "दादा, म्हन की. म्हन की दादा, मी हाय मागं." ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. सगळ्या गावानं ते ऐकलं.

तेरवी झाल्यावर मी तुमची कॅसेट लावली. पाढे सगळे ऐकले, पुढं ढकलले नाहीत. तुमचा सातचा पाढा चुकतो. मग तुमचे वडील बोलले. मग तो माणूस. एवढंच. मी ते किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही.

ताई, तुम्ही लिहिलंत, आबा एका क्षणात ओळखतील. त्यांनी ओळखलं असतं. मागं दोघं होते, आणि चोवीस वर्षांपूर्वीचा गळा ओळखणारं माणूस आता कुठून आणायचं. गावातल्या तीन म्हाताऱ्यांना ऐकवलं. दोघं म्हणाले प्रभू. तिसरा म्हणाला, येडे हाईत ते, बजरंगाचा आवाज हाय. मग पहिल्या दोघांतला एक म्हणाला, असंल बुवा बजरंगाचाच.

शेवटी बजरंगमामांकडं गेले. टेप लावून उपयोग नव्हता. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते शब्द मीच ओरडून सांगितले. "म्हन दादा, आमी हाओत मागं. हे कुनी म्हनलं मामा? तुमी का माझ्या बापानं?"

पहिल्यांदा ते म्हणाले, "दोघंबी तेच म्हनायचो गं." आणि हसले. मग माझं तोंड बघितलं.  चंची काढली, पान लावलं, ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले,

"न्हाई, न्हाई. म्या न्हाई त्यो. म्या त्याला दादा कवाच म्हनलो न्हाई, नामाच म्हनायचो. दादा म्हननारा येकच. परभूच हाय त्यो, तुझा बापच हाय."

 उचलायच्या दिवशी त्यांनी हाक मारली तेव्हा मी तिथंच उभी होते. मामांच्या ते लक्षात नसेल, किंवा असेल. मी त्यांच्या पाया पडले आणि पान खाल्लं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मोठ्या कॅसेटवर नाव छापू नका. ज्यात ते नाहीत त्यावर त्यांचं नाव कशाला. आबांचं नाव तेवढं राहू द्या आणि 'एकट्याचा माळ' हेही राहू द्या. आता ते खोटं राहिलं नाही.

तुमच्यावर राग होता. उन्हाळाभर होता. आता दर वेळी त्या माणसाचा आवाज यायच्या आधी तुम्ही पाढे म्हणता आणि तुमचे वडील शाबास म्हणतात, ते ऐकून ऐकून राग धरवत नाही. तो गेला असंही नाही.

छोट्या कॅसेटवर मी पेनानं नावं लिहिली आहेत. झिलकऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण आता फुटायला झील राहिली कुठं. एका ओळीत लिहिलं: प्रभू आणि बजरंग. मामा रोज संध्याकाळी येऊन टेपजवळ बसतात, कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी करून बघतात. त्यांना वाचता येत नाही, ते बरं आहे.

तुमची,
शिवकन्या प्रभू